मांडवावरचा पेंढा

माळशेज घाटाच्या वर, जुन्नरच्या पूर्वेला, कडब्याची गंज सरळ जमिनीवर रचतात. घाट उतरून मुरबाडला, किंवा तिथून शहापूरला आले की भाताचा पेंढा लाकडी मांडवावर चढतो. बेळक्याच्या मेढी जमिनीत पुरायच्या, त्यांवर आडवे वासे टाकायचे, वर बांबू किंवा कारवी अंथरायची. हे सारे गुरांच्या तोंडापासून राखण्यासाठी, असे उत्तर सहज मिळते. पण गुरे घाटावरही आहेत आणि तिथे काट्यांच्या कुंपणावर भागते. खरा फरक पावसाचा आहे. खाली वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, वर पूर्वेकडे सरकताच तो हजाराच्या आत येतो. भातखाचरांची चिकण जमीन पाणी धरून ठेवते, आणि तिला टेकलेला पेंढा खालच्या थरापासून कुजू लागतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पेंढा घरी येतो दिवाळीनंतर, आणि पुढचे सहा-सात महिने जमीन कोरडीठाक असते. मग ओलीची भीती कसली? वाळवीचे कारण आहेच, पण तेवढ्यावर थांबता येत नाही, कारण वाळवी मेढीवरूनही चढते. माझ्या मते उत्तर मृगापासून आषाढापर्यंतच्या दिवसांत आहे. चिखलणीला बैल सर्वाधिक राबतात तेव्हा रानात गवत नुकते फुटत असते, म्हणजे जुना पेंढा नेमका पहिल्या पावसांनंतर लागतो. मांडवाची उंची त्या काही आठवड्यांसाठी आहे. उन्हाळ्यात खाली सावली मिळते, गुरे बांधता येतात. हा वरचा लाभ.

लाकडाचा प्रश्न मात्र साधा नव्हता. इथे साग भरपूर, पण साग आणि शिसव सरकारी मालकीची मानली जात. 1878 च्या वनकायद्याने राखीव जंगलाची हद्द आणखी आवळली. शेतकऱ्याच्या हाती उरले ते इंजायली, म्हणजे साग-शिसव सोडून इतर, लाकूड, त्यातही ऐन. पण भाताच्या रोपांसाठी राब भाजायलाही ऐनाचेच टहाळ लागत. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतली तक्रार एवढी वाढली की 1885 मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला आणि त्याचा अहवाल 1887 मध्ये आला. त्या वादात राबाची बाजू गाजली. मेढी-वाशांची गरज तितकीच जुनी असूनही झाकोळली, कदाचित तिच्यावाचून सारा मोसम बुडत नव्हता म्हणून.

मांडव कमी झाले ते लाकूड महागल्याने, असे म्हटले जाते. ते अर्धेच पटते. लाकूड नसेल तर सिमेंटचे खांबही चालतात. पण पॉवर टिलर आला की मृगात दावणीला बैल नसतो, आणि पेंढा पावसाळ्यापर्यंत टिकवण्याचे कारणच उरत नाही. तो आधीच विकता येतो.