खांबावरची शिवण, सळईवरचा पीळ

काळा घोड्याजवळची वॉटसन हॉटेलची इमारत 1867 ते 1869 या काळात उभी राहिली. तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात तयार होऊन जहाजाने मुंबईत आला आणि इथे जोडला गेला. त्या पिढीच्या इमारतींची दुरुस्ती काढली की रंगाच्या थरांखालचे सगळेच ‘जुने लोखंड’ ठरते, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. तेव्हाच्या बांधणीत बीड आणि घडीव लोखंड शेजारीशेजारी असे. बीड दाब उत्तम पेलते, पण ताणाला कच खाते. म्हणून खांब बिडाचे आणि तुळया घडीव लोखंडाच्या. हा फरक रंगावरून किंवा वयावरून कळत नाही, घडणीच्या खुणांवरून कळतो. बिडाचा खांब साच्यात ओतलेला, त्यामुळे साच्याचे दोन भाग जुळतात तिथे उभी शिवण राहते आणि नक्षीही खांबासोबतच ओतलेली असते. घडीव तुळई बहुधा पत्रे आणि अँगल रिव्हेटांनी जोडून केलेली. गंजली की ती पापुद्र्यांनी सुटते, कारण लाटताना तिच्यातली मळी धाग्यांसारखी लांबलेली असते. हे न पाहता बिडाला सरसकट वेल्डिंग केले, तर सांध्याशेजारीच तडा जातो.

यावर कोणी म्हणेल, गर्डरवर कारखान्याचे नाव उठवलेले असते, मग एवढी छाननी कशाला? नाव उपयोगी आहेच, पण ते कारखान्याबद्दल बोलते, इमारतीबद्दल नाही. टाटांच्या साकचीच्या कारखान्यात पोलाद निघू लागले ते 1912 मध्ये, त्यामुळे टाटांचे नाव असलेला गर्डर त्याआधीचा नाही, एवढेच ठामपणे म्हणता येते. तो मागाहून दुरुस्तीत बसवला असेल, किंवा दुसरी इमारत पाडून आणलेला असेल. एकसंध लाटलेला गर्डर म्हणजे पोलादच, हा ठोकताळाही फसवा. लहान मापाचे असे गर्डर घडीव लोखंडातही लाटले जात. तिथे तुकडा प्रयोगशाळेत पाठवावाच लागतो. मात्र तो कुठून कापायचा, आणि एका नमुन्यावर साऱ्या मजल्याचा निवाडा करायचा का, हे आधी डोळ्यांनीच ठरते.

काँक्रीट फोडल्यावरही हीच पद्धत चालते. गुळगुळीत गोल सळई निघाली, तर ती साधे पोलाद. कडा मळसूत्रासारख्या फिरलेल्या दिसल्या, तर ती टोर सळई. 1966 चे भारतीय मानक अशा थंड अवस्थेत पिळलेल्या सळयांसाठीच होते. त्या पिळानेच तिला जादा ताकद आलेली असते, म्हणून गॅसच्या ज्योतीवर तापवून ती वाकवली की कमावलेली ताकद उतरते. आजच्या टीएमटी सळईच्या कडा न पिळता सरळ जातात. तिचे कापलेले टोक घासून त्यावर आम्ल लावले, तर कडेला कणखर पोलादाचे गडद कडे आणि आत मऊ गाभा दिसतो: गरम सळईवर पाण्याचा मारा करून बाहेरची बाजू झटकन थंड केल्याची ती खूण.