आधी पंख, मग इंजिन: बेंगळुरूच्या विमानांची कुळकथा

बेंगळुरूच्या कस्तुरबा रोडवर विश्वेश्वरय्या औद्योगिक व तांत्रिक संग्रहालय आहे. आमच्या बसवनगुडीतून तिथे जायला फार वेळ लागत नाही आणि घरी पाहुण्यांची मुले आली की तिकडे एक फेरी ठरलेली असते. संग्रहालयाच्या आवारात ‘मारुत’ हे लढाऊ विमान उभे आहे. आत राइट बंधूंच्या १९०३ सालच्या विमानाची पूर्णाकृती प्रतिकृती आहे. एक लाकूड, कापड आणि तारांचे, तर दुसरे धातूच्या पत्र्याचे, दोन जेट इंजिनांचे. दोघांच्या पहिल्या उड्डाणांत साडेसत्तावन्न वर्षांचे अंतर. पाहणाऱ्याला ही दोन विमाने एकमेकांची कुणीच लागत नाहीत असे वाटेल. पण त्यांचे कूळ एक आहे, आणि त्या कुळातली एक पिढी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपू या गावात जन्मली. मराठी वाचकाला ती फारशी ठाऊक नाही, म्हणून ही कथा सांगायची.

सुरुवात अर्थातच राइट बंधूंपासून. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकजवळच्या वाळूच्या टेकड्यांपाशी ऑरव्हिल राइट १२ सेकंद हवेत राहिला आणि १२० फूट गेला. त्याच दिवशीच्या चौथ्या उड्डाणात विल्बरने ५९ सेकंदांत ८५२ फूट अंतर कापले. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. त्याआधीच्या तीन वर्षांत काय झाले, ते मात्र सहसा सांगितले जात नाही.

१९००, १९०१ आणि १९०२ अशी लागोपाठ तीन वर्षे या भावांनी बिनइंजिनाची विमाने, म्हणजे ग्लायडर, बांधली आणि उडवली. १९०१ सालचे ग्लायडर हिशेबाप्रमाणे उचल घेईना, तेव्हा त्यांनी घरी डेटनला परतून एक लाकडी वातबोगदा केला आणि त्यात पंखांचे निरनिराळे छोटे आकार तपासले. १९०२ चे ग्लायडर वळवता आले, सावरता आले, सुखरूप उतरवता आले. त्यानंतरच त्यांच्या दुकानातला कारागीर चार्ली टेलर इंजिन करायला बसला. ते इंजिन जेमतेम १२ अश्वशक्तीचे होते. याच्या अगदी उलट वाट सॅम्युअल लँग्ली या नामवंत शास्त्रज्ञाची. त्याच्याजवळ ५० हून अधिक अश्वशक्तीचे उत्तम इंजिन होते आणि सरकारी पैसाही होता. पण ८ डिसेंबर १९०३ रोजी त्याचे विमान उडताक्षणी पोटोमॅक नदीत कोसळले. राइट बंधूंचे उड्डाण झाले ते त्यानंतर नवव्या दिवशी. आधी पंख आणि ताबा, मग इंजिन, हा या कुळाचा पहिला संस्कार.

दुसरा संस्कार जर्मनीत झाला. किटी हॉकच्या उड्डाणाला आठच महिने झाले होते, तेव्हा ऑगस्ट १९०४ मध्ये हायडेलबर्गच्या गणित परिषदेत लुडविग प्रांटल या तरुण प्राध्यापकाने एक छोटा निबंध वाचला. पंखावरून हवा वाहते तेव्हा पृष्ठभागाला अगदी लागून असलेला हवेचा पातळ थर पंखाला चिकटून मंदावतो, आणि विमानाला होणारा अडथळा, पंखाची उचल अचानक जाणे, यांची मुळे त्या थरात असतात, असे त्याने दाखवले. राइट बंधूंनी हातांनी चाचपून जे मिळवले, त्याचे गणित मांडण्याची वाट या निबंधाने खुली केली. प्रांटल पुढे ग्योटिंगेनला गेले आणि ते गाव वायुगतिकीचे तीर्थक्षेत्र झाले.

त्याच ग्योटिंगेनात विष्णू माधव घाटगे शिकायला गेले. जन्म २४ ऑक्टोबर १९०८, गाव हसूरचंपू, पदवी मुंबई विद्यापीठाची. प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी १९३६ साली डॉक्टरेट मिळवली आणि ते मायदेशी परतले. पण तेव्हा भारतात विमानाचा एकही कारखाना नव्हता. पंखाचे गणित जाणणारा माणूस होता, पण पंख कुठे बांधायचे हा प्रश्न होता.

तो प्रश्न सोडवला एका सोलापूरकराने. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ चा, सोलापूरचा. रेल्वेची कंत्राटे, जहाजे, रावळगाव आणि वालचंदनगरची साखर असा त्यांचा व्याप. १९३९ च्या अखेरीस अमेरिकेहून परतताना विमानप्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली यांच्याशी पडली. पॉली अमेरिकी विमानांचे व्यापारी होते आणि चीनमध्ये त्यांनी विमानजोडणीचा कारखाना चालवला होता. महायुद्ध पेटले होते, ब्रिटिश सरकारला भारतात उद्योग वाढायला नको होते, आणि तरीही पूर्वेकडे विमानांची गरज दिवसेंदिवस वाढत होती. वालचंदांनी ही संधी साधली.

जागा कुठली, यावर विचार झाला आणि बेंगळुरू ठरले. किनाऱ्यापासून दूर, हवा समशीतोष्ण, शिवनसमुद्रची वीज जवळ, भद्रावतीचे पोलाद संस्थानातले आणि टाटांच्या प्रेरणेने उभी राहिलेली भारतीय विज्ञान संस्था १९०९ पासून याच गावात. त्यात म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी सुमारे ७०० एकर जमीन देऊ केली आणि संस्थानाने भांडवलातही भाग घेतला. २३ डिसेंबर १९४० रोजी ‘हिंदुस्तान एअरक्राफ्ट’ या कंपनीची नोंदणी झाली. कंपनीचे पहिले कार्यालय दोमलूर रस्त्यावरच्या ‘इव्हनटाइड’ नावाच्या बंगल्यात उघडले.

१९४१ साली या कारखान्यात हार्लो जातीचे सरावाचे विमान जोडून झाले. जुलै १९४२ मध्ये इथे जोडलेले पहिले लढाऊ विमान आकाशात गेले, ते म्हणजे कर्टिस हॉक. ज्या कंपनीने हे हॉक विमान घडवले तिचे नाव कर्टिस-राइट. ग्लेन कर्टिस आणि राइट बंधू यांनी पेटंटवरून वर्षानुवर्षे कोर्टात झुंज दिली होती. १९२९ साली दोघांच्या नावांच्या कंपन्या एकत्र आल्या आणि तिथून हे जोडनाव चालत आले. म्हणजे बेंगळुरूत जोडलेल्या पहिल्या लढाऊ विमानाच्या कपाळावरच राइट हे नाव होते. संग्रहालयातल्या त्या कापडी विमानाशी या शहराचे नाते असे थेट आहे.

पण जोडणी म्हणजे निर्मिती नव्हे. सुटे भाग पेट्यांतून यायचे, नकाशे परदेशी असायचे. एप्रिल १९४२ मध्ये ब्रिटिश सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना ताब्यात घेतला आणि १९४३ मध्ये तो अमेरिकी सैन्याच्या हवाई दलाकडे दुरुस्तीसाठी सोपवला. ब्रह्मदेशच्या आघाडीवर झिजलेली, फुटलेली विमाने इथे येऊ लागली. पहिले आले ते कॅटालिना हे पाण्यावर उतरणारे विमान. मग जवळजवळ प्रत्येक जातीचे आले. वालचंदांचे स्वप्न मोडले, हे खरे. मात्र कामगारांच्या हातांना याच काळात जे शिक्षण मिळाले, ते नवी विमाने जोडून मिळाले नसते. विमान कुठे तडकते, कुठला रिव्हेट आधी ढिला होतो, पत्रा कसा थकतो, हे दुरुस्ती करणाऱ्यालाच कळते.

युद्ध संपल्यावर हे शिक्षण पणाला लागले. कानपूरच्या चकेरी तळावर लिबरेटर ही चार इंजिनांची बॉम्बफेकी विमाने भंगारात काढलेली होती, आणि कुणी वापरू नयेत म्हणून ती मागे ठेवून जाणाऱ्यांनी त्यांची मोडतोडही केलेली होती. बेंगळुरूच्या माणसांनी ती जागेवरच उडण्याइतपत सावरली. कारखान्याचे मुख्य चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी अशी चाळीसच्या वर विमाने एकामागून एक कानपूरहून बेंगळुरूला आणली. इथे ती नीट बांधली गेली आणि हवाई दलात १९६८ पर्यंत उडाली. लंडनच्या हवाई दल संग्रहालयाच्या संग्रहात, ॲरिझोनात, कॅनडात आज जी लिबरेटर विमाने जपून ठेवली आहेत, त्यांत बेंगळुरूच्या हातांनी वाचवलेली विमाने आहेत.

आता पुन्हा घाटग्यांकडे. १९४० साली ते या नव्या कारखान्यात आले. त्यांनी युद्धकाळात इथे पहिली जी रचना केली, ती होती ‘जी-१’, दहा सैनिक वाहून नेणारे ग्लायडर. भारतात आखलेले आणि इथल्या कारखान्यात बांधलेले पहिले विमान बिनइंजिनाचे होते. कारखान्याचा नूर दुरुस्तीकडे वळला तेव्हा घाटगे विज्ञान संस्थेत गेले. तिथे १९४२ च्या डिसेंबरात विमान अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला, आणि तो उभा करण्याचे श्रेय त्यांचे आहे. ग्योटिंगेनची विद्या आता बेंगळुरूच्या फळ्यावर लिहिली जाऊ लागली. शहरातली इतर घरेही मागे नव्हती. प्लेगनंतर १८९८ मध्ये वसलेल्या बसवनगुडीत, बुल टेम्पल रोडवर, १९४६ साली बी. एम. श्रीनिवासय्या यांनी स्वतःच्या पैशाने अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. कारखाना शहराच्या पूर्वेला असला, तरी त्याला लागणारी बुद्धी साऱ्या शहरातून उभी राहत होती.

१९४८ मध्ये घाटगे मुख्य रचनाकार म्हणून कारखान्यात परतले. ऑगस्ट १९५१ मध्ये त्यांचे ‘एचटी-२’ आकाशात झेपावले. चालवत होते तेच जमशेद मुन्शी. एचटी-२ संपूर्ण धातूचे, पंख खाली असलेले, एकामागे एक दोन आसनांचे. स्वतंत्र भारताने स्वतः आखलेले आणि स्वतः बांधलेले हे पहिले इंजिनाचे विमान. दीडशेहून अधिक विमाने तयार झाली. हवाई दलाच्या कित्येक पिढ्यांनी पहिले धडे याच विमानात गिरवले. घाना देशानेही आपल्या वैमानिकांसाठी १२ विमाने घेतली. नंतर उड्डाण क्लबांसाठी ‘पुष्पक’, सैन्याच्या टेहळणीसाठी ‘कृषक’ आणि १९६४ साली ‘किरण’ हे सरावाचे जेट विमान, ही सारी घाटग्यांच्या नेतृत्वाखालची अपत्ये.

कुळाची दुसरी शाखा इथे येऊन मिळाली १९५६ मध्ये. महायुद्धातले जर्मनीचे ‘फॉके-वुल्फ १९०’ हे लढाऊ विमान आखणारे कुर्ट टांक आपल्या सहकाऱ्यांसह बेंगळुरूला आले. १ जून १९३९ रोजी पहिल्यांदा उडालेले ते विमान युद्धातल्या सर्वांत धोकादायक लढाऊ विमानांत गणले जाई आणि २० हजारांच्या आसपास बांधले गेले. टांक स्वतः वैमानिक होते. त्यांच्याकडे भारताने मागितले ते स्वनातीत वेगाचे लढाऊ विमान.

टांक यांनी इथे सुरुवात कशाने केली? लाकडी ग्लायडरने. नव्या विमानाच्या मापाचे, त्याच आकाराचे ‘एक्स-२४१’ हे बिनइंजिनाचे विमान बांधले गेले. २१ मार्च १९५९ पासून डाकोटा विमानाला दोरीने जोडून ते उंच नेत आणि सोडून देत. अशी ७८ उड्डाणे झाली. पंखाचे वागणे पुरते समजल्यावरच इंजिन बसवायचे ठरले. १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी ‘एचएफ-२४ मारुत’ उडवले. हव्या त्या ताकदीचे इंजिन भारताला कधीच मिळाले नाही, म्हणून मारुत ठरवलेल्या वेगाला पोचले नाही. तरीही १४७ मारुत बांधली गेली आणि १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर ती लढली. दास १९७० मध्ये मारुतची चाचणी घेतानाच गेले. शहरातल्या एका रस्त्याला त्यांचे नाव आहे.

किटी हॉक, जी-१, एक्स-२४१. तिन्ही ठिकाणी क्रम एकच, आणि हा योगायोग नव्हे. हवेशी मुकाट्याने, चिकाटीने, मोजमाप करून परिचय करून घेतल्याशिवाय ती कुणालाच वर उचलत नाही.

हे आवर्जून सांगावे लागते, कारण मराठी घरांत विमानाचा विषय निघाला की अजूनही शिवकर बापूजी तळपदे यांच्या १८९५ सालच्या चौपाटीवरील उड्डाणाची गोष्ट सांगितली जाते. त्या उड्डाणाचा विश्वासार्ह पुरावा कुणालाही दाखवता आलेला नाही. गोष्टीला आधार म्हणून ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाचे नाव घेतात. हा ग्रंथ सांगणारे सुब्बराय शास्त्री बेंगळुरूजवळच्या आनेकलचे. १९७४ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी त्यातल्या विमानांची आकृती, वजन आणि गणित तपासले. ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि ती विमाने उडूच शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. ज्या संस्थेत घाटग्यांनी ही विद्या रुजवली, त्याच संस्थेने हा निवाडा दिला. बसवनगुडीत डॉ. एच. नरसिंहय्या यांनी नॅशनल कॉलेजात १९६२ मध्ये बेंगळुरू सायन्स फोरम सुरू केला. पुराव्याशिवाय काही मान्य न करण्याची सवय या शहराला लावणाऱ्यांत तो फोरमही आहे.

तळपद्यांना खोटे पाडण्यात मला रस नाही. ते होते, त्यांना आकाशाची ओढ होती, एवढे पुरे आहे. पण मराठी माणसाने विमान बांधले का, असे कुणी विचारले, तर उत्तर पुराव्यासकट हाताशी आहे. होय, बांधले, बेंगळुरूत बांधले, त्याचे नाव एचटी-२, आणि बांधणाऱ्याचे नाव विष्णू माधव घाटगे. १९६५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १९९१ मध्ये ते गेले. शालेय पुस्तकात विमानाचा धडा घालताना राइट बंधूंच्या शेजारी हे नाव आले पाहिजे. आणि बेंगळुरूला येणाऱ्या मराठी माणसाने जुन्या विमानतळ रस्त्यावरचे याच कारखान्याचे, म्हणजे आजच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सचे, संग्रहालय मुलाबाळांसह जरूर पाहावे. आपल्या कुळाची खरी नोंद तिथे आहे.