अमेरिकेचे राष्ट्राध्यक्षपद आणि वैयक्तिक संपत्ती
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या राष्ट्राध्यक्षाची खाजगी मालमत्ता आणि त्याचे सार्वजनिक कर्तव्य यांच्या परस्परसंबंधाचा प्रश्न त्या देशाच्या संविधानाइतकाच जुना आहे. निर्धन अध्यक्ष इतरांचा मिंधा होईल आणि धनवान अध्यक्ष पदाचा उपयोग आपली संपत्ती वाढविण्यासाठी करील, अशी दुहेरी भीती या प्रश्नाच्या मुळाशी आहे.

फिलाडेल्फिया येथील १७८७ च्या संविधान-परिषदेत बेंजामिन फ्रँक्लिन यांनी कार्यकारी प्रमुखास वेतन देऊ नये, असे सुचविले. सत्तेचा लोभ व द्रव्याचा लोभ एकत्र आल्यास स्वार्थी माणसे या पदाकडे धाव घेतील, असे त्यांचे मत होते. परिषदेने ते स्वीकारले नाही. संविधानाच्या दुसऱ्या अनुच्छेदानुसार अध्यक्षाचे वेतन त्याच्या कार्यकालात वाढविता वा घटविता येत नाही. तसेच त्याला संघराज्याकडून वा घटकराज्यांकडून अन्य आर्थिक लाभ घेता येत नाही. त्यामुळे वेतनाच्या द्वारे त्याच्यावर दडपण आणण्याचा मार्ग काँग्रेसला उरला नाही. १७८९ मध्ये वार्षिक २५,००० डॉलर असलेले हे वेतन २००१ पासून ४,००,००० डॉलर झाले.

प्रारंभीच्या अनेक अध्यक्षांची संपत्ती जमीन व गुलाम यांत गुंतलेली होती. रोकड मात्र अपुरी असे. विस्तीर्ण जमिनींचे धनी असलेल्या जॉर्ज वॉशिंग्टन यांना १७८९ मध्ये शपथविधीसाठी न्यूयॉर्कला जाण्यापूर्वी कर्ज काढावे लागले. टॉमस जेफर्सन (कार. १८०१–०९) मृत्युसमयी एक लाखाहून अधिक डॉलरांचे ऋणको होते. त्यांच्या पश्चात १८२७ मध्ये माँटिसेलो येथील गुलामांचा लिलाव झाला आणि धन्याच्या ऋणाची किंमत त्या कुटुंबांना ताटातुटीने मोजावी लागली. युलिसीझ ग्रँट (कार. १८६९–७७) हे भागीदार असलेली पेढी १८८४ मध्ये बुडाली, कर्करोगाने ग्रासलेले असताना त्यांनी कुटुंबाच्या निर्वाहासाठी आत्मवृत्त लिहून पूर्ण केले. माजी अध्यक्षांना निवृत्तिवेतन देणारा कायदा मात्र १९५८ मध्ये झाला. हॅरी ट्रुमन यांची आर्थिक ओढाताण हे त्याचे एक कारण सांगितले गेले. परंतु पुढे खुल्या झालेल्या कागदपत्रांवरून ते सुस्थितीत असल्याचे दिसून आले.

विसाव्या शतकात चिंतेचा विषय पालटला. हर्बर्ट हूव्हर व जॉन केनेडी या संपन्न अध्यक्षांनी आपले वेतन दान केले. परंतु वेतनत्यागाने खाजगी हितसंबंध नाहीसे होत नाहीत. रिचर्ड निक्सन यांच्याकडे ४,७६,००० डॉलरांहून अधिक कर व व्याज थकल्याचे १९७४ मध्ये काँग्रेसच्या समितीने दाखवून दिले. वॉटरगेट प्रकरणानंतर १९७८ च्या शासकीय नीतिमत्ता कायद्याने उच्चपदस्थांना मालमत्ता जाहीर करणे बंधनकारक केले. तथापि हितसंबंधांच्या संघर्षाविषयीचा फौजदारी कायदा अध्यक्षास लागू नाही. डॉनल्ड ट्रंप यांनी २०१७ मध्ये व्यवसायाचे व्यवस्थापन पुत्रांकडे सोपविले, मात्र मालकी सोडली नाही. परकीय शासनांकडून मिळणाऱ्या लाभांविषयीचे दावे २०२१ मध्ये त्यांचा कार्यकाल संपल्यावर सर्वोच्च न्यायालयाने निरर्थक ठरवून निकाली काढले. मूळ घटनात्मक प्रश्न अनिर्णित राहिला.

केवळ संपत्तीच्या बळावर हे पद मिळतेच, असे नाही. उमेदवाराने निवडणुकीत स्वतःचा पैसा खर्च करण्यावरील मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये रद्द केली. तरीही रॉस पेरो यांना १९९२ मध्ये सु. १९ टक्के मते मिळूनही निर्वाचक मंडळातील एकही मत मिळाले नाही आणि २०२० मध्ये मायकेल ब्लूमबर्ग यांना उमेदवारीही मिळविता आली नाही. वेतनाबाबत काटेकोर असलेले संविधान अध्यक्षाच्या खाजगी मालमत्तेबाबत बव्हंशी मौन पाळते. ती उणीव संकेत, प्रकटीकरण व मतदारांची जागरूकता यांनी भरून काढावी लागते.