जात्यावरचा गळा



वज्रेश्वरीत उभं राहून आरोग्यावर बोलायचं म्हणजे पाण्यापासून सुरुवात करावी लागते. तानसा नदीच्या काठाने अकलोली-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं आहेत. सांधे धरलेली, कातडीच्या विकाराने गांजलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथे येत आली. वर टेकडीवर देवीचं देऊळ, चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत बोललेल्या नवसाचं. 1739 मध्ये वसई मराठ्यांच्या हाती आली आणि पुढे नवस फेडला गेला. थोडक्यात, अंग दुखलं तर कुंड आणि मोठं संकट आलं तर नवस. पण रोजच्या दिवसाचं काय? सासरी राबणाऱ्या, मनातलं कुणाजवळ बोलता न येणाऱ्या बाईला रोज कुंडावर कोण सोडणार होतं? तिचा उपाय घरातच, माजघराच्या कोपऱ्यात होता आणि तो गोल दगडाचा होता. आज आम्ही बोलणार आहोत ते जात्याबद्दल, आणि जात्यावर जो सूर लागायचा त्याबद्दल.

हल्ली एक सल्ला सगळीकडे ऐकू येतो, की रोज थोडं गा, ताण जातो. सल्ला खोटा नाही. स्वीडनमधल्या गोटेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकत्र गाणाऱ्यांचा श्वास गाण्याच्या ओळींबरोबर बांधला जातो आणि त्यामागोमाग हृदयाची गतीही एकमेकांबरोबर वरखाली होते, असं त्यांना दिसलं. आमच्या आज्यांना हे यंत्रावर पाहायची गरज नव्हती, पण पाहिलं हे बरंच झालं. आमची तक्रार वेगळी आहे. गाण्याने बरं वाटतं एवढंच सांगितलं की इतिहास निसटतो. कोण गात होतं, कधी, कशासाठी, आणि ते थांबलं का?

ओवी किती जुनी? चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. ज्ञानेश्वरी त्यानंतर दीडशे-एक वर्षांनी आली. म्हणजे ज्ञानोबांनी ग्रंथासाठी घेतलेला छंद उखळाशी बसलेल्या बायकांच्या तोंडी आधीपासून होता. आणि पुढे जनाबाईच्या कथेत खुद्द विठ्ठल दळायला येऊन बसतो. परंपरेने देवाला बसायला जागा दिली ती कुठे, हे लक्षात घ्या. जात्यापाशी!

आता जातं कसं चालतं ते तरुण मंडळींसाठी सांगतो. खाली तळी, वर फिरणारी पाळी, पाळीला लाकडी खुंटा. एका हाताने खुंटा ओढायचा, दुसऱ्या हाताने मधल्या भोकात वैरण, म्हणजे मूठभर धान्य, टाकत राहायचं. आपल्या या भाताच्या मुलखात तांदळाच्या भाकरीचं पीठ, नाचणी, डाळी असं सगळं जात्यावर, आणि भात भरडायला घिरट. वेळ पहाटेची, घर झोपलेलं. दोघी समोरासमोर बसल्या तर एकच खुंटा दोघी धरायच्या. एकीने ओवी टाकायची, दुसरीने उचलायची. खुंटा ओढताना अंग पुढे जातं, मागे येतं आणि श्वास आपोआप त्या फेऱ्याला बांधला जातो. दगडाची घरघर खाली तंबोऱ्यासारखी चालूच असते.

पुणे जिल्ह्यातल्या बायका ओवीच्या चालीला ‘गळा’ म्हणतात. फार नेमका शब्द आहे. गळे मोजकेच, ते आईकडून, सासूकडून, शेजारणीकडून आलेले. शब्द मात्र ज्याचे त्याचे, म्हणजे जिचे तिचे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या दोघांनी 1980 नंतरच्या दशकांत मावळ-मुळशीच्या डोंगरी गावांतून सुरुवात करून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गावांची संख्या हजाराच्या वर. आज तो ठेवा ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकायला मिळतो. ऐकाच. माहेर, भाऊ, सासूरवास, पंढरी, लेक, आणि बाबासाहेबसुद्धा त्यात आहेत.

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, म्हणून इथे एक जुनी संकल्पना आणतो. भट्टनायक आणि त्यानंतर अभिनवगुप्त यांनी रसाच्या चर्चेत ‘साधारणीकरण’ सांगितलं. माझं दुःख फक्त माझं राहत नाही, ते कुणाचंही होऊ शकेल असं होतं, आणि मग ते सोसवतं, चाखताही येतं. त्यांच्या डोळ्यांसमोर नाटक होतं. पण जात्यावर याहून साधं उदाहरण सापडतं. सासूबद्दलची तक्रार सून सरळ बोलली असती तर भांडण झालं असतं. तीच तक्रार सगळ्यांच्या गळ्यावर गायली की ती ओवी होते. पलीकडच्या खोलीत सासू जागीच असायची, बरं का! ऐकायची, आणि काही म्हणायची नाही, कारण तोच गळा तीही तिच्या सासूच्या घरात गायली होती. आमच्या मते बरं वाटण्याचं कूळ इथे आहे. श्वास-हृदय हे त्याचं अंग झालं. मूळ हे, की बोलता न येणारं बोलायला रोज एक ठरलेली, माफ असलेली जागा होती.

असं इतरत्र घडलं का? स्कॉटलंडच्या पश्चिमेला हेब्रिडीज बेटं आहेत, गेलिक या सेल्टिक भाषेची. तिथे मागावरून उतरलेलं लोकरी कापड घट्ट करण्यासाठी शिळ्या मुतात भिजवायचे आणि फळीभोवती बसून बायका ते तालात आपटायच्या. हो, मुतातच, अमोनियासाठी. एकीने ओळ गायची, बाकीच्यांनी अर्थ नसलेल्या अक्षरांचं पालुपद धरायचं. एका बैठकीत एक गाणं पुन्हा गायचं नाही, तो अपशकुन. गिरण्यांनी ते काम घेतलं आणि गाणी उरली ती संग्राहकांकडे. जॉन लॉर्न कॅम्पबेल आणि फ्रान्सिस कॉलिन्सन यांचे तीन खंड 1969 ते 1981 या काळात निघाले.

कापडाचं नाव निघालं की आपल्याला भिवंडी आठवणारच. यंत्रमागाच्या शेडमध्ये शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं, तिथे ओवी कुठली लागायची? जातंही असंच गेलं. आधी इंजिनाची गिरणी आली, मग विजेची. आणि इथे गहिवर काढणाऱ्यांना आम्ही थांबवतो. जातं गेलं याचं दुःख एकाही दळणाऱ्या बाईला झालं नसेल. खांदे भरून यायचे, तळहाताला घट्टे पडायचे, बाळंतपणानंतर पुरते दिवसही न भरता पुन्हा खुंटा धरावा लागायचा. ते गेलं, चांगलं झालं. पण कष्टाबरोबर ती पहाटेची जागाही गेली, आणि तिच्या बदल्यात कुणी काही दिलं नाही. गिरणीवर डबा ठेवून आलेल्या बाईचा वाचलेला तास लगेच दुसऱ्या कामाने भरला गेला.

कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावर स्थलांतरित गेलांचे वंशज अजून टेबलाभोवती बसून कापड आपटतात. पुरुषही बसतात. त्या कापडाला आपटण्याची काही गरज उरलेली नाही, गाता यावं म्हणून आपटायचं.

आपल्याकडेही असं एक टेबल शिल्लक आहे. लग्नाच्या आधी जातं बाहेर काढतात, धुतात, त्याला हळकुंड आणि आंब्याची पानं बांधतात, आणि सुवासिनी चिमूटभर हळद दळतात. खरी हळद बाजारातून दळून आलेली असते. आगरी घरात धवलारीण धवळे गाते. धवळे हा प्रकार तेराव्या शतकातल्या महदंबेइतका तरी जुना. बहुतेक मांडवांत त्या वेळी स्पीकर सुरू असतो. कुणी तो पाच मिनिटं बंद करायला लावला, तर बघा, एखादी म्हातारी खुंट्यावर हात ठेवते आणि तिचा गळा लागतो. पहिली ओवी संपायच्या आत समोरची तिला उत्तर देते.