परदेशातील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण आणि मान्यतेचा प्रश्न : एक ऐतिहासिक आढावा (१८४५ ते २००८)

प्रस्तावना

भारतीय विद्यार्थ्यांच्या परदेशगमनाचा विचार करताना सामान्यतः ज्ञानाची ओढ हे कारण प्रथम सांगितले जाते. वैद्यकशास्त्राच्या बाबतीत हे कारण खरे असले तरी अपुरे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विलायतेला गेलेला भारतीय वैद्यकीय विद्यार्थी दोन गोष्टींच्या शोधात होता. एक म्हणजे प्रगत ज्ञान आणि दुसरी म्हणजे त्या ज्ञानाला मिळणारी मान्यता. पहिली गोष्ट भारतात क्रमाक्रमाने उपलब्ध होत गेली. दुसरी देण्याचा अधिकार मात्र दीर्घकाळ परदेशातच राहिला. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने परामर्श घेतला आहे.

प्रारंभीचा टप्पा : लंडनची वाट

कलकत्ता मेडिकल कॉलेजची स्थापना १८३५ मध्ये झाली. त्यानंतर दहा वर्षांनी, १८४५ मध्ये, द्वारकानाथ टागोर यांच्या दुसऱ्या विलायतवारीत या महाविद्यालयाचे चार विद्यार्थी डॉ. हेन्री गुडीव्ह यांच्यासमवेत इंग्लंडला गेले. भोलानाथ बोस, गोपालचंद्र सील, द्वारकानाथ बोस आणि सूर्यकुमार चक्रवर्ती हे ते चौघे होत. त्यांपैकी दोघांच्या खर्चाचा भार टागोरांनी उचलला होता. त्याच वर्षी मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि १८५१ मध्ये त्याची पहिली तुकडी बाहेर पडली. डॉ. भाऊ दाजी लाड हे या तुकडीतलेच.

सूर्यकुमार चक्रवर्ती यांनी १८४९ मध्ये लंडन विद्यापीठाची एम.डी. पदवी मिळविली. १८५३ च्या सनदी कायद्यानंतर कंपनीच्या वैद्यकीय सेवेतील नेमणुका स्पर्धा परीक्षेने होऊ लागल्या आणि १८५५ च्या पहिल्याच परीक्षेत ते उत्तीर्ण झाले. स्पर्धा परीक्षेद्वारे या सेवेत प्रवेश मिळविणारे ते पहिले भारतीय होत. या घटनेचा गौरव नेहमीच केला जातो. तथापि तिची दुसरी बाजूही लक्षात घ्यावयास हवी. ही परीक्षा पहिल्या महायुद्धापर्यंत लंडनमध्येच होत असे. दार सर्वांना उघडे होते, परंतु त्या दारापर्यंत पोहोचण्यासाठी समुद्र ओलांडावा लागे. प्रवासाचा व निवासाचा खर्च आणि परदेशगमनाविषयीचे सामाजिक निर्बंध यांमुळे ही समान संधी मोजक्या कुटुंबांपुरतीच मर्यादित राहिली. वैद्यकीय महाविद्यालयांतील प्राध्यापकपदे मुख्यतः याच सेवेतील अधिकाऱ्यांच्या हाती असल्याने इथल्या पदवीधराला अध्यापनाच्या वरच्या जागाही दुर्लभ होत्या.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. भारतात उच्च वैद्यकीय पदवीच नव्हती, असे मुळीच नाही. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८६३ मध्ये कलकत्ता विद्यापीठाची एम.डी. घेतली होती. पुढे त्याच विद्यापीठातून एम.डी. व पीएच.डी. झालेल्या डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२० च्या दशकाच्या प्रारंभी काळा आजारावर युरिया स्टिबामाइन हे औषध सिद्ध केले. इथल्या मातीत वाढलेले ज्ञान उणे नव्हते, त्याचे वजन मात्र वेगळ्या तराजूत केले जात होते.

स्त्री-डॉक्टरांचा अनुभव

मान्यतेचा हा प्रश्न स्त्रियांच्या बाबतीत अधिक तीव्र होता. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेस गेल्या व मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथील विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाच्या एम.डी. झाल्या. अमेरिकेतील एम.डी. ही वैद्यकाची पहिलीच पदवी असल्याने त्यांचे शिक्षण आजच्या अर्थाने पदव्युत्तर म्हणता येणार नाही. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे निधन झाले आणि ती जागा त्यांच्याविनाच राहिली. पुढे याच रुग्णालयात डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी दीर्घ सेवा केली. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये शिकलेल्या कृष्णाबाईंना राजर्षी शाहू महाराजांनी उच्च शिक्षणासाठी विलायतेला पाठविले होते. येथे संस्थानाचा आश्रय, परदेशातील शिक्षण आणि परतल्यावर हमखास काम या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. त्या काळी असा योग दुर्मीळ होता.

परदेशी सनदेची गरज नेमकी कशासाठी होती, हे डॉ. कादंबिनी गांगुली यांच्या उदाहरणावरून अधिक स्पष्ट होते. १८८६ मध्ये कलकत्ता मेडिकल कॉलेजमधील शिक्षण पूर्ण केल्यावर त्यांना एम.बी. ऐवजी जी.बी.एम.सी. ही सनद मिळाली. व्यवसाय करण्यास ती पुरेशी होती, परंतु युरोपीय स्त्री-डॉक्टरांच्या बरोबरीचे स्थान मिळण्यास पुरेशी नव्हती. अखेर १८९३ मध्ये, मुलांना घरी ठेवून, त्या एडिंबरोला गेल्या आणि स्कॉटलंडमधील तीन वैद्यकीय संस्थांची संयुक्त पात्रता मिळवून त्याच वर्षी त्या परतल्या. काही महिन्यांच्या मुक्कामात त्यांचे वैद्यकीय कौशल्य आमूलाग्र बदलले असेल असे मानण्याचे कारण नाही. बदलला तो त्यांच्या नावापुढील अक्षरांचा दर्जा.

परतीनंतर : संस्थांची उभारणी

विलायतेस जाण्यासाठी लागणारे आर्थिक पाठबळ १८९२ मध्ये स्थापन झालेल्या जे. एन. टाटा एंडाउमेंटमुळे काही प्रमाणात उपलब्ध झाले. या योजनेच्या अगदी सुरुवातीच्या लाभार्थींमध्ये फ्रेनी कामा या स्त्री-डॉक्टरचा समावेश होता. या पिढीतील अनेकांनी परतल्यावर परावलंबनाच्या मुळाशीच हात घातला.

मुंबईतील सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज हे त्याचे ठळक उदाहरण होय. देणगी देताना विश्वस्तांनी अशी अट घातली होती की, येथील अध्यापक सरकारी सेवेत नसलेले पात्र भारतीयच असावेत. १९२६ मध्ये के. ई. एम. रुग्णालयासह ही संस्था कार्यान्वित झाली. तिचे पहिले अधिष्ठाता डॉ. जीवराज मेहता हे ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये शिकून लंडनची एम.डी. घेऊन आले होते. या अटीत एक अंतर्विरोध होता. भारतीयांनी भारतीयांना शिकवावे, हा तिचा आग्रह होता. पात्रतेची कसोटी मात्र अजून बहुतांशी विलायतेचीच होती. असे असले तरी, परदेशी पदवीचा उपयोग स्वतःच्या व्यवसायापलीकडे नेऊन पुढील पिढीला परदेशी जाण्याची गरज पडू नये यासाठी करता येतो, हे या संस्थेने दाखवून दिले.

मान्यतेचा संघर्ष : १९३० ते १९३६

ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने १९२० च्या दशकात भारतीय विद्यापीठांतील प्रसूतिशास्त्राच्या प्रशिक्षणावर आक्षेप घेतले आणि १९३० मध्ये भारतीय पदव्यांची मान्यता थांबविली. नव्या पदवीधरांना ब्रिटनमध्ये नोंदणी मिळण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला. भारतीय डॉक्टरांनी याकडे केवळ शैक्षणिक दर्जाचा प्रश्न म्हणून नव्हे, तर राष्ट्रीय प्रतिष्ठेचा प्रश्न म्हणून पाहिले. १९३३ च्या इंडियन मेडिकल कौन्सिल कायद्याने दर्जावर देखरेख ठेवणारी भारतीय यंत्रणा निर्माण झाली आणि १९३६ मध्ये मान्यता पुन्हा मिळाली.

तथापि या यशाची किंमत देशातीलच एका मोठ्या वर्गाने मोजली. वैद्यकीय शाळांतून शिकलेल्या लायसेन्शिएट डॉक्टरांना या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार देशातील सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टरांपैकी जवळजवळ ३०,००० लायसेन्शिएट होते. खेड्यापाड्यांत व लहान गावांत रुग्णसेवेचा मोठा भार त्यांच्यावर होता. बाहेरून मान्यता मागणाऱ्या पदवीधरवर्गाने घरातील बहुसंख्यांना ती नाकारली, ही बाब या संघर्षाचा इतिहास लिहिताना नजरेआड करता येत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळ

भोर समितीच्या शिफारशींतून १९५६ मध्ये दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली आणि १९६२ मध्ये चंदीगडची पदव्युत्तर संस्थाही स्थापन झाली. तरीही एफ.आर.सी.एस. आणि एम.आर.सी.पी. यांचे आकर्षण ओसरले नाही. याच सुमारास परदेशातील परिस्थितीही बदलली होती. ब्रिटनच्या १९४८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेला आणि १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेतील रुग्णालयांना डॉक्टरांची निकड होती. शिकण्यासाठी गेलेला विद्यार्थी त्यामुळे तेथील सेवेचा आधार बनला. ब्रिटनमध्ये वृद्धरुग्णसेवा, मानसोपचार आणि औद्योगिक वस्त्यांतील सामान्य वैद्यकसेवा अशा, स्थानिक डॉक्टरांनी तुलनेने टाळलेल्या शाखांत भारतीयांची संख्या लक्षणीय राहिली. अनेकांनी परतण्याच्या निश्चयाने घर सोडले होते. परीक्षा, नोकरी, मुलांच्या शाळा यांत तो निश्चय हळूहळू मावळला.

१९७५ मध्ये ब्रिटनने भारतीय पदव्यांची सरसकट मान्यता पुन्हा काढून घेतली आणि परदेशी डॉक्टरांसाठी चाचणी परीक्षा सुरू केली. भारतानेही १९७८ नंतर ब्रिटनच्या पदव्यांना मान्यता देणे थांबविले. एप्रिल २००६ मध्ये परदेशी डॉक्टरांना वर्क परमिटविना पदव्युत्तर प्रशिक्षण घेण्याची ब्रिटनमधील सवलत रद्द झाली आणि चाचणी उत्तीर्ण होऊन तेथे पोहोचलेले अनेक भारतीय डॉक्टर अधांतरी राहिले. ब्रिटिश असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडियन ओरिजिन या संघटनेने न्यायालयात दाद मागितली. एप्रिल २००८ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने, भारतीयांना डावलण्यास कारण ठरलेली आरोग्य खात्याची मार्गदर्शक सूचना बेकायदेशीर ठरविली. त्याच वर्षी भारताने ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या पाच देशांतील पदव्युत्तर वैद्यकीय पदव्यांना मान्यता दिली आणि परतू इच्छिणाऱ्यांचा मार्ग मोकळा झाला.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, वैद्यकीय पदवीची मान्यता केवळ गुणवत्तेवर कधीच ठरलेली नाही. डॉक्टरांची गरज असताना ती सैल झाली आणि गरज ओसरताच कडक झाली. १९३० आणि २००६ या दोन्ही प्रसंगी नियम बदलले ते विद्यार्थ्यांचे ज्ञान कमी झाले म्हणून नव्हे. म्हणूनच परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याला केवळ प्रवेशपरीक्षेची माहिती देऊन महाविद्यालयाचे कर्तव्य संपत नाही. ज्या पदवीसाठी तो जात आहे ती तेथे कोणत्या अटींवर आणि किती काळ ग्राह्य राहील, तसेच परतल्यावर तिचे मोल काय असेल, याचाही विचार त्याच्यासमोर ठेवावयास हवा. जीवराज मेहता यांच्या पिढीने परदेशी शिक्षणाचे फलित संस्थांच्या रूपाने या भूमीत रुजविले. लायसेन्शिएट डॉक्टरांची उपेक्षा मात्र हे सांगते की, मान्यतेचा न्याय बाहेर मागणाऱ्या समाजाने तो प्रथम आपल्या घरात द्यावा लागतो.