दुबळ्याचे बळ : पाचगणी, जुलै १९४४

पाचगणी हे एके काळी आजाऱ्यांचे गाव होते. डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये येथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले, आणि येथली हवा हेच पुष्कळांचे औषध ठरले. जुलै १९४४ मध्ये असाच एक चौऱ्याहत्तर वर्षांचा रुग्ण विश्रांतीसाठी येथे येऊन राहिला. त्याचे नाव मोहनदास करमचंद गांधी.

गांधीजींची त्या वेळची स्थिती आपण ध्यानी घेतली पाहिजे. आगाखान पॅलेसच्या बंदिवासात १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाई गेले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांनी त्यांच्या मांडीवर प्राण सोडला. पुढे हिवतापाने गांधीजींना इतके पोखरले की, हा म्हातारा आपल्या कोठडीत मरेल या धास्तीने सरकारने ६ मे रोजी त्यांना सोडून दिले. या सुटकेचा त्यांना आनंद झाला नाही. आजारी पडलो याचीच लाज वाटते, असे त्यांनी बॅरिस्टर जयकरांना कळविले. लढून मिळवलेली ही सुटका नव्हती. देहाच्या दुबळेपणाने पदरात टाकलेली होती.

पण दुबळेपणाशी त्यांची ओळख जुनी होती. १८९० मध्ये पोर्टस्मथ येथे मोहाच्या क्षणी आपण वाचलो ते स्वबळावर नव्हे, हे त्यांनी आत्मकथेत स्वच्छ सांगितले आहे. त्या प्रकरणाला त्यांनी नाव दिले तेही दुबळ्याचे बळ राम अशा अर्थाचे. जो आपल्या बळाचा हिशेब संपल्याचे कबूल करतो, त्यालाच दुसऱ्या बळाचा आधार घेता येतो, अशी ही श्रद्धा आहे.

त्या श्रद्धेने पाचगणीत काय केले? १७ जुलै १९४४ रोजी ‘दिलखुशा’ बंगल्यातून त्यांनी दोन पत्रे लिहिली. एक जीनांना, गुजरातीत, भाऊ म्हणून. मला शत्रू समजू नका, आपण भेटू या, असे. दुसरे चर्चिलना. चर्चिलनी १९३१ मध्ये ज्या ‘नागड्या फकिरा’ची कुचेष्टा केली होती, त्या शब्दांचा राग न धरता गांधीजींनी ते भूषण मानले आणि दोन्ही देशांच्या भल्यासाठी माझा उपयोग करून घ्या, असे विनविले.

फळ काय मिळाले, असे कोणी विचारील. चर्चिलचे पत्र गहाळ झाले आणि सप्टेंबरात पुन्हा धाडावे लागले. त्याने काही हालले नाही. जीनांशी ९ ते २७ सप्टेंबर मुंबईत बोलणी झाली, ती फिसकटली. तीन वर्षांनी देश दुभंगला. तेव्हा ईश्वरी कृपेने यश आले, असे इतिहासाचा अभ्यासक म्हणू शकणार नाही.

मात्र कृपेची कसोटी यश हीच का मानावी? दुष्काळात दिवाळे निघालेल्या तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. त्याने त्यांचे दुकान पुन्हा उभे राहिले नाही. मनाची गाठ मात्र सुटली. पाचगणीतही तसेच घडले. ज्या सत्तेच्या कैदेत पत्नी आणि पुत्रवत् सहकारी गमावले, तिच्या मुख्य प्रधानाला लिहिताना त्या खंगलेल्या माणसाच्या लेखणीत कडवटपणा उतरला नाही. शरीर थकले होते, माणसे गेली होती, राजकारण अडले होते. तरी द्वेष शिरला नाही. दुबळ्याला मिळणारे बळ ते हेच.