शब्दांची भाऊबंदकी

१/ एकाच संकेतस्थळाची दोन-चार पाने एकाच शोधशब्दासाठी एकमेकांशी झगडू लागली, की त्याला ‘कीवर्ड कॅनिबलायझेशन’ म्हणतात. मराठीत याला जुना आणि नेमका शब्द आहे : भाऊबंदकी. हे दुखणे गूगलच्या काळात जन्मले, असा समज आहे. त्याची मुळे मात्र एकोणिसाव्या शतकातील ग्रंथालयांत आहेत. त्या इतिहासाचा हा धागा.

२/ लंडनचे ब्रिटिश म्युझियम. इटलीतून परागंदा होऊन आलेले अँटोनियो पानिझ्झी १८३७ मध्ये तेथील मुद्रित ग्रंथांचे प्रमुख झाले. अडचण अशी, की एकाच लेखकाचे नाव लॅटिनमध्ये एक, फ्रेंचमध्ये दुसरे. निनावी ग्रंथांची तर बातच निराळी. नोंदी विखुरल्या की ग्रंथ कपाटात असूनही वाचकाला नसल्यासारखाच. पानिझ्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेले सूचीचे ९१ नियम १८४१ मध्ये छापले गेले.

३/ लोकांना हा अतिरेक वाटला. “सूचीला एवढे शास्त्र कशाला?” असा सूर उमटला आणि १८४७ मध्ये चौकशीसाठी शाही आयोग नेमला गेला. टीकाकारांपैकी जॉन पेन कॉलियर यांनी झटपट पद्धतीने २५ पुस्तकांच्या नोंदी करून दाखवल्या. पानिझ्झींच्या बाजूने त्या तपासल्या गेल्या, तेव्हा चुकांची रासच निघाली. आयोगाचा कौल अखेर पानिझ्झींच्या बाजूने गेला.

४/ पुढचे पाऊल अमेरिकेत पडले. चार्ल्स कटर यांनी १८७६ मध्ये शब्दकोशवजा सूचीचे नियम प्रसिद्ध केले. विषयाला समानार्थी नावे अनेक असतील, तर त्यांतले एक निवडावे, सारे ग्रंथ त्याखाली आणावेत आणि उरलेल्या नावांपाशी फक्त ‘पहा’ असा निर्देश ठेवावा. विषय जवळचे पण वेगळे असतील, तर ‘हेही पहा’. या दोन सूचनांत पुढच्या सव्वाशे वर्षांचे उत्तर दडले होते.

५/ मराठी वाचकाला ही रीत परकी नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशात नोंदीच्या शेवटी ‘पहा’ हा शब्द आपण वाचलेलाच आहे. तो शब्द वाचकाला रिकाम्या हाताने परत पाठवत नाही, योग्य दारी नेऊन सोडतो.

६/ मग वेब आले. १९९५ च्या डिसेंबरात अल्टाव्हिस्टा सुरू झाले. त्या पिढीतील शोधयंत्रांचा भर पानावरील शब्दांवर असे. साहजिकच व्यापाऱ्यांनी हिशेब मांडला : जितकी पाने, तितकी दारे. शब्द थोडे फिरवून तोच मजकूर दहा पानांवर चढवला जाऊ लागला. कटर यांनी जे एका जागी आणले, ते पुन्हा विखुरले.

७/ १९९८ मध्ये स्टॅनफर्डच्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पेजरँकची कल्पना मांडली. इतर पाने ज्याच्याकडे दुवे देतात, ते पान वजनदार. आणि दुवा देणारे पान स्वतः वजनदार असेल, तर त्या दुव्याचे मोल अधिक. येथे भाऊबंदकीची किंमत प्रथमच गणितात दिसली. वजन वाटले गेले की प्रत्येकाच्या वाट्याला थोडेच येते.

८/ एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शेतीविषयक संकेतस्थळावर ‘आंबा लागवड’ या विषयावर निरनिराळ्या वर्षी लिहिलेले तीन लेख आहेत. बाहेरून आलेले तीस दुवे तिघांत दहा-दहा विभागले गेले. शोधयंत्र आज एक लेख पुढे करते, उद्या दुसरा. कदाचित सर्वांत जुना, कालबाह्य सल्ल्याचाच वर येतो. नुकसान संकेतस्थळाचे होतेच. खरा फटका बसतो तो रोप लावायला निघालेल्या शेतकऱ्याला.

९/ उपाय कोणते? पहिला म्हणजे वाटणी मोडून एकत्र कुटुंब करणे. तिन्ही लेखांतले उत्तम ते एका लेखात आणावे आणि जुन्या पत्त्यांवरून कायमचे पुनर्निर्देशन द्यावे. त्याचा ‘३०१’ हा संकेत १९९६ च्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजात आहे. कटर यांचा ‘पहा’ तो हाच.

१०/ दुसरा उपाय २००९ च्या फेब्रुवारीत आला. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या प्रतिस्पर्ध्यांनी एकत्रितपणे ‘कॅनॉनिकल’ खूण स्वीकारली. एकच मजकूर अनेक पत्त्यांवर असणे भाग असेल, तर त्यांतला मुख्य कोणता, हे संकेतस्थळाने सांगावे. गूगलच्या लेखी ती आज्ञा नाही, सूचना आहे. अंतिम निवड यंत्राचीच.

११/ दोनच वर्षांत, फेब्रुवारी २०११ मध्ये, ‘पांडा’ हा बदल आला. अमेरिकेतील सुमारे १२ टक्के शोधांच्या निकालांवर त्याचा परिणाम झाल्याचे गूगलने सांगितले. तोच प्रश्न शब्द फिरवून शेकडो पानांवर विकणाऱ्या मजकूर-कारखान्यांना जबर तडाखा बसला. २०१३ मध्ये जाहीर झालेल्या ‘हमिंगबर्ड’ने शब्दांपेक्षा प्रश्नाच्या अर्थाकडे लक्ष वळवले.

१२/ मात्र समान शब्द दिसला की भांडण आहेच, असे नव्हे. ‘आंबा लागवड’ आणि ‘आंबा लागवडीचे अनुदान’ यांत शब्द सारखे, पण वाचकाची गरज वेगळी. ही पाने एकत्र केली तर दोन्ही वाचक नाराज होतील. येथे कटर यांचा दुसरा निर्देश कामी येतो : ‘हेही पहा’, म्हणजे आजचा अंतर्गत दुवा. म्हणून आधी एकाच शोधाला कोणती पाने आलटूनपालटून उत्तर देतात ते तपासावे. मग कात्री हाती घ्यावी.

१३/ कारण कात्रीचाही इतिहास झाला आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये सीनेट या जुन्या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाने शोधातील स्थान सुधारावे म्हणून आपले हजारो जुने लेख हटवल्याचे उघड झाले. केवळ जुने म्हणून लेख हटवू नका, असे खुद्द गूगललाच सांगावे लागले. त्या लेखांच्या प्रती इंटरनेट आर्काइव्हकडे सोपवल्याचे सीनेटने म्हटले. पण मूळ पत्त्यावर जाणाऱ्या वाचकासाठी दार बंद झाले.

१४/ पानिझ्झी आणि कटर यांच्यापाशी शोधयंत्र नव्हते, पण वाचक डोळ्यांसमोर होता. त्यांनी नोंदी एकत्र आणल्या त्या वाचकाची पायपीट वाचावी म्हणून, आणि जुनी नावे पुसली नाहीत, कारण कोणीतरी त्याच नावाने शोधत येईल हे त्यांना ठाऊक होते. पाने जरूर एकत्र करा. फक्त जुन्या दारावर ‘पहा’ लिहायला विसरू नका.